उभं राहायची जागा

भोर,
नोव्हेंबर २००६

प्रिय आसिफ,

माझी दुआ तुला रोजच असते, आजही आहे. पुढचं वाचताना ती कमी झाली असं समजू नकोस. पण आज माझ्याच्यानं गोड लिहवणार नाही, हेही आधीच सांगून ठेवते.

तू ईदला आणून दिलेला मोबाईल मी कपाटात ठेवून दिलाय. गेल्या आठवड्यात त्याच्यावरून तुला किती वेळा फोन लावला ते तुलाच माहीत. सुरुवातीला तू म्हणायचास, "अम्मी, मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो." मग नुसती रिंग व्हायची आणि मध्येच तुटायची. अब्बा शेजारी बसून ऐकत असायचे. शेवटी म्हणाले, "राहू दे शमीम, तिकडं त्याला आपलं नाव दिसतं." नाव दिसतं म्हणून पोरगं आईबापाचा फोन उचलत नाही, अशी सोय त्या यंत्रात असते हे मला ठाऊक नव्हतं. म्हणून पत्र. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

घरचं सगळं क्षेम आहे असं लिहायची रीत असते. तर क्षेम आहे. पाऊस सरल्यापासून अब्बांकडे छत्र्या येत नाहीत, स्टँडसमोरच्या त्या पत्र्याखाली आता ते स्टोव्ह आणि बॅटऱ्या दुरुस्त करतात. यंदा थंडी लवकर पडली आणि त्यांची कंबर धरायला लागली. सकाळी खाटेवरून उठताना ते भिंतीला हात लावून थोडा वेळ थांबतात, आणि मी चुलीकडे तोंड करून मला दिसलं नाही असं दाखवते. जमिनीवर मांडी घालून जेवणारे अब्बा तुला आठवतात का रे? मला वाटतं, नसतील आठवत. तुला आठवतात ते खुर्चीवरचे अब्बा, मशिदीत शेवटच्या रांगेच्या कडेला खुर्ची टाकून नमाज पढणारे. तुझ्यासाठी ते पहिल्यापासून तसेच आहेत.

तू तिसरीत होतास. त्या दिवसाचं तुला एवढंच आठवतं की शेजारच्यांनी तुला शाळेतून आणलं, आणि पुढे दवाखान्यात आनंद साहेबांनी तुला मोसंबं सोलून दिलं. त्या मोसंब्याची गोष्ट तू कॉलेजात गेल्यावरसुद्धा सांगायचास, साहेब किती चांगला माणूस म्हणून. कंपनीत माल चढवायच्या धक्क्यावर नेमकं काय झालं ते अब्बांनी तुला कधी सांगितलं नाही. मलाही त्यांनी तुकड्यातुकड्यानं सांगितलं, आणि राहिलेलं मी त्यांच्याबरोबर कामाला असलेल्या कोंडिबाकडून ऐकलं. आज तुला ते सलग सांगते. तू आता त्याच कंपनीत साहेब आहेस, तुला ते माहीत पाहिजे.

कामथडीच्या पुढे हायवेला लागून तेव्हा कंपनी नवीनच उभी राहिली होती. पुठ्ठ्याची खोकी तेव्हाही व्हायची. अब्बा धक्क्यावर उभे राहून माल मोजून गाडीत चढवून घ्यायचे. गाडी मागं घेऊन धक्क्याला लावताना ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही, हे तुला मी सांगायला नको. त्याचा क्लीनर मागं उभा राहून "येऊ दे, येऊ दे" करतो, माणूस मध्ये आला तर पत्र्यावर थाप मारतो. पण खोकी चोरीला जातात अशी कोणाला तरी शंका आली आणि क्लीनर लोकांना गेटबाहेर थांबवायला लागले. आत फक्त ड्रायव्हर. मग मागं बघणार कोण? तर ज्याच्या हातात आधीच दुसरं काम आहे तो. "नूरुद्दीन, जरा ही गाडी लावून घे." त्या दिवशी वेल्ह्याकडच्या गेनबाची गाडी मागं येत होती. अब्बा धक्क्याखाली उतरून हात दाखवत होते. तेवढ्यात आधीच्या गाडीत माल किती गेला म्हणून वरून कोणीतरी हाक मारली. अब्बांनी उत्तर द्यायला मान वर केली. गेनबाला वाटलं, अजून जागा आहे. गाडीचा मागचा फाळका आणि धक्क्याची भिंत यांच्यामध्ये तुझे अब्बा कंबरेपासून खाली सापडले. कोंडिबा वर खोकी रचत होता. त्यानं तिथनं खाली उडी टाकली आणि दोन्ही हातांनी गाडीचा पत्रा बडवत ओरडला, "पुढं घे, पुढं घे, मानूस हाय मागं!" त्या ओरडण्यानं त्याचा घसा पुढं कितीतरी दिवस बसलेला होता. अब्बा आज काठी टेकत का होईना चालतात, ते त्या ओरडण्यामुळे.

आनंद साहेब तेव्हा डिस्पॅचचे अधिकारी होते. आपल्याच गावचे, शिकल्यासवरल्या घरातले, रस्त्यात भेटले तर थांबून चौकशी करणारे. ते दवाखान्यात आले, मोसंबी आणली, माझ्याशी अगदी हळू आवाजात बोलले. आणि तिथूनच पोलिसांकडे जाऊन त्यांनी सांगितलं की कामगार चुकीच्या जागी उभा होता. एवढं एकच वाक्य. क्लीनर गेटबाहेर का होता हे त्यात नव्हतं, वरून हाक कोणी मारली हेही नव्हतं. त्यानंतर कंपनीच्या साहेबांपैकी कोणी आपल्या दारात आलं नाही. येत राहिला तो गेनबा. त्यानं पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. नवं भात झालं की वेल्ह्याहून एसटीनं येतो, तांदळाची पिशवी उंबऱ्याच्या आत ठेवतो आणि अब्बांसमोर बसून राहतो. दोघं पाऊसपाण्याचं बोलतात. अब्बा एकदा मला म्हणाले होते, "गाडीखाली तोही आलाय, फक्त दिसत नाही."

मग तुझा डिप्लोमा झाला आणि आम्हाला न विचारता तू आनंद साहेबांना भेटून आलास. साहेब आता मोठ्या जागेवर गेले होते. त्यांनी तुला ओळखलं, खांद्यावर हात ठेवला, नोकरी दिली. अब्बांनी एवढंच विचारलं, "धक्क्यावर?" तू म्हणालास, "नाही अब्बा, मी वर ऑफिसात असणार." मी गल्लीत पेढे वाटले. तू म्हणशील, तेव्हा तर खूश होतीस. होते. मला वाटलं, ज्या घरातला माणूस त्या भिंतीशी चिरडला त्या घरातला मुलगा आता वर बसेल, आणि वर बसून खाली लक्ष ठेवील. कोंडिबासुद्धा मला बाजारात भेटून म्हणाला होता, "भाबी, आता काळजी न्हाई, आपला मानूस वर हाय." आपला माणूस म्हणाला तो तुला.

ज्या दिवशी त्याच धक्क्यावर कोंडिबा गाडीमागं सापडला त्या दिवशी त्याची बायको सगुणाबाई उत्रोलीत एकटी भात कापत होती. कोंडिबानं कापणीसाठी रजा मागितली होती. माल अडकलाय म्हणून ती मिळाली नाही, हे तुला माहीत असेल, रजा तुमच्याच ऑफिसातून मिळते. आम्हाला बातमी किकवीच्या टेम्पोवाल्याकडून कळली. अब्बांनी समोर उघडून ठेवलेला स्टोव्ह तसाच पोत्यात भरला आणि घरी येऊन बसले. संध्याकाळी तुझा फोन आला तेव्हा त्यांचा चेहरा जरा उजळला. त्यांना वाटलं, पोरगं रडत असेल, धीर द्यावा लागेल. तू म्हणालास, "अब्बा, लोक काहीबाही बोलतील, ऐकू नका. कोंडिबाकाका चुकीच्या जागी उभे होते. मी पोलिसांना तसं सांगितलंय."

तुझा आवाज मला लांबूनही ऐकू येत होता. अगदी साध्या आवाजात, खरंच माहिती हवी असावी तसं अब्बांनी विचारलं, "आसिफ, धक्क्याखाली बरोबर जागा कुठं असते रे? मला अजून सापडली नाही." तू म्हणालास, "अब्बा, तुमच्या वेळचं काम वेगळं होतं." त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि काठी घेऊन बाहेर पडले. नदीपर्यंत गेले. त्यांना तेवढं चालवत नाही. परत येताना कोणाच्या तरी गाडीवर बसून आले आणि न जेवता निजले. तुझ्या आजोबांच्या मौतीलाही मी त्यांना असं पाहिलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी सगुणाबाईबरोबर पुण्याच्या सरकारी दवाखान्यात गेले. तुला तिथं जायला वेळ झाला नसेल, म्हणून सांगते. कोंडिबाचा उजवा पाय मांडीपासून काढलाय. चादरीवर तिथं नुसता खळगा आहे. मला बघून उठायला गेला, मग त्याचं त्यालाच आठवलं. म्हणाला, "पाय गेला भाबी, पन बोटं खाजत्यात. खाजवू कुठं?" आणि हसला. मग तुझं नाव काढलं. मी मान खाली घातली. तर म्हणाला, "आसिफला बोल लावू नका. त्याला वरनं दिसलं नसंल. पोरगं कामात व्हतं." बाळा, मी खूप शिव्या ऐकायच्या तयारीनं गेले होते. ह्याची तयारी केली नव्हती.

थोडा वेळ गेल्यावर तो आपणहून सांगायला लागला. "गाडीकडं पाठ व्हती माजी, हे खरं हाय. खाली वाकून दोरी बांदत व्हतो. पन कान गाडीकडंच व्हता, भाबी. मागं यायला लागली की ती पीं पीं करती, मानूस आपसूक बाजूला व्हतो. म्हैनाभर आत गोदामात व्हतो, त्याच दिशी धक्क्याला लावलं मला. ह्या टायमाला आवाजच आला न्हाई." सगुणाबाई माझ्या कानाशी लागून म्हणाली, "ह्येच येकसारखं बोलत्यात. कानाला बी काय झालंय का, तुमी जरा डाक्टरला इचारा. मला इंग्रजी येत न्हाई." डॉक्टरला मराठी येत होती. तो म्हणाला, माणूस घाबरला की असं होतं, काहीच्या काही आठवतं.

मी तिथं खाटेचा गज धरून उभी होते आणि मला शीरखुर्म्याचा वास आला. खरंच आला. यंदा ईद आणि दिवाळी एकाच आठवड्यात पडली होती, बाहेर गल्लीत फटाके वाजत होते. त्या सकाळी अब्बा काठी टेकत मशिदीतून यायचे होते, तू पुढं आला होतास. तू खाटेवर आडवा पडून सांगत होतास की धक्क्याच्या वरच काचेचं नवं ऑफिस झालंय, पण दिवसभर खालून गाड्यांचं पीं पीं चालतं, डोकं उठतं, बाहेरची पार्टी आली की साहेबांना धड बोलता येत नाही. म्हणून साहेबांनी फर्मान काढलं, गेटच्या आत आलेल्या गाडीनं मागं घ्यायच्या भोंग्याची वायर काढायची. "आणि ड्रायव्हर लोकांच्या मागं लागून ती काढून घ्यायचं काम कोणाचं? तुझ्या लेकाचं," असं म्हणून तू हसलास. "आता कसं शांत वाटतं ऑफिसात, अम्मी." मी तुझ्या वाटीत आणखी खुर्मा वाढला. वायर म्हणजे काय, ती काढली की काय होतं, यातलं काही मला कळलं नव्हतं. माझा मुलगा घरी आलाय आणि हसतोय, एवढंच मला कळत होतं.

दवाखान्यातून परत येताना एसटीत सगुणाबाई खिडकीला डोकं टेकून बसली होती. शेतात कापलेलं भात तसंच पडलंय, भावकीतल्या कोणी उचललं तर उचललं, असं म्हणत होती. कात्रजचा बोगदा मागं पडला, नसरापूरचा फाटा आला. कामथडीच्या पुढं तुझी कंपनी दिसली. आत गाड्या मागं पुढं होत होत्या, आणि आवाज नव्हता. घरी आल्यावर अब्बांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ते म्हणतील, सांगून टाक, किंवा म्हणतील, गप्प बस, एकुलता एक आहे. ते म्हणाले, "ईदच्या दिवशी मी घरात नव्हतो. ते तुझ्या कानावर आलंय, माझ्या नाही. तूच ठरव." मला त्यांचा राग आला. इतकी वर्षं मी त्यांना हात देऊन उठवते, आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा त्यांनी मला एकटीनं उभं केलं. पण नंतर विचार केला, त्यांनी तरी काय सांगायचं? आपल्या बाजूनं बोलायला कोणी नसणं म्हणजे काय असतं, हे त्यांच्याएवढं कोणाला ठाऊक आहे? त्यांना माझ्या तोंडात शब्द घालायचे नव्हते.

म्हणून हे पत्र, आसिफ. काल कारखान्यांची तपासणी करणारे सरकारी साहेब उत्रोलीला सगुणाबाईकडे आले होते. मी तिथं गेले आणि ईदच्या दिवशी तू जे बोललास ते जसंच्या तसं सांगितलं, हसलास तेही सांगितलं. त्यांनी विचारलं, "तुम्ही आसिफच्या कोण?" मी म्हटलं, आई. त्यांनी पेन थांबवलं. "लिहून घेऊ ना बाई? पुढं कोर्टात बोलवलं तर यावं लागेल." मी म्हटलं, लिहा, येईन. सगुणाबाईनं माझे आभार मानले नाहीत, मानायचे तरी कशाचे? ती भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "म्हंजी कान धड हाईत त्यांचं." आता ते तुला बोलावतील. वायरीचं तू बोलला नाहीस म्हणून त्या गाडीचा ड्रायव्हर कोठडीत बसलाय, त्यालाही लेकरं असतील. वायर काढायचा हुकूम तुझा नव्हता, साहेबांचा होता. तेवढं खरं बोललास तर नोकरी जाईल, मला कळतं. आनंद साहेब आजवर तुझ्याशी चांगले होते, ते तसे राहणार नाहीत. आणि खोटंच बोललास तरी हे घर तुझं आहे, दार मी उघडीन, ताट वाढीन, पण अब्बा तुझ्यासमोर जेवायला बसतील असा शब्द मी देऊ शकत नाही. माझ्या जबाबाचं तुला साहेबांच्या तोंडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी लिहायला बसले. अब्बांना विचारलं, आसिफला काय लिहू? ते म्हणाले, "काही लिहू नकोस, त्याला कळेल." मला तसं वाटलं नाही, म्हणून लिहिलं.

तुझीच,
अम्मी